हलवून घेतलेली बॅटरी

वायरी, मालवण
१२ मार्च १९८८

प्रिय सुगंधा,

आजीचे पोटभर आशीर्वाद. आधी बातमी सांगते, मग बाकीचं. आपल्या घरची लाईट आता जात नाही. म्हणजे गावाची जाते, आपली जात नाही. तुझे आजोबा म्हणाले, हे शेवटी लिही, वाचणाऱ्याला गंमत वाटेल. पण मला कुठला धीर. पडवीत इन्व्हर्टर बसवलाय. तुझ्या शाळेच्या ट्रंकेच्या निम्मी लोखंडी पेटी आणि तिला जोडलेली बॅटरी. लाईट गेली की पेटी टक्क करते आणि मागच्या खोलीतली ट्यूब नि पंखा चालूच राहतात. तेवढंच हो, बाकी घर काळोखात. आजोबा रोज विचारतात, आपण बसतो ओटीवर, मग मागच्या खोलीत पंखा कोणासाठी, घुशींसाठी? मी आपलं शिवण पुढे ओढते.

जानेवारीत तुझ्याकडे पार्ल्याला आले होते, तेव्हा तुझ्या सासूबाई म्हणाल्या, तुमचं मालवण छान, पण तिकडे विजेचा काय भरवसा? बाई वाईट नाही, जे खरं तेच बोलली. पण तू इकडे यायचं की नाही, ते सगळं त्या एका वाक्यावर अडलं होतं. मी चहा प्यायले आणि गप्प राहिले. मी गप्प राहिले की पुढे काय होतं, ते तुला ठाऊक आहे.

कुडाळला इन्व्हर्टरच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. एक ट्रकच्या बॅटरीएवढी, दांडगी, एकट्याने उचलवेना. दुसरी मोटारगाडीची, आटोपशीर. आता आपण नारळ कसा घेतो? कानाशी हलवून. तशी मी दोन्ही कलती करून बघितली. मोठी मुकी, धाकटीत पाणी डुचमळलं. मी म्हटलं, ही मोठी सुकलेली आहे, ही नको. तो सांगत होता की हिच्यात ॲसिड विकल्यावर भरतात. मी म्हटलं, नारळात कोणी मागाहून पाणी भरतं काय? आणि धाकटी घेऊन आले. वर तोऱ्यात वाडीतल्या बायकांना चहाला बोलावलं, की लाईट जाईल तेव्हा बघा. लाईट गेली, पंखा फिरला, बायकांनी माना डोलावल्या. अर्ध्या तासात पंखा म्हाताऱ्या बैलासारखा चालायला लागला आणि थांबला. सगळ्याजणी माझाच कंदील घेऊन घरी गेल्या. आजोबा म्हणाले, "अगो, पाणी बघून घेतलंस, खोबरां बघूक इसारलंस." ते अजून म्हणतात.

मग इनासला बोलावलं. बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो तो, कार्मेलिनाचा मोठा मुलगा. त्याने बॅटरी बघितली नि डोक्याला हात लावला. "माई, ही गाडी चालू करूची. एकदाच जोरान दणको देता आणि दमता. तुमका व्हयी ती हळूहळू, पण खूप वेळ देणारी." असं आधी सांगायचं ना कोणी. सुक्या झावळीचं चुडतं भडकून विझतं आणि नारळाचं सोडण सकाळपर्यंत धुमसत राहतं, हे मला चुलीपुढे बसून पन्नास वर्षं ठाऊक आहे. मी चुडतं घेऊन आले होते, मला सोडण हवं होतं. आम्ही दोघं पुन्हा कुडाळला गेलो. तीच मुकी बॅटरी तिथे माझी वाट बघत होती. दुकानदार हसला नाही, एवढं त्याचं चांगलं. इनासने आतल्या शिशाच्या पट्ट्या किती जाड ते दाखवलं, म्हणून तर ती एवढी जड.

बसवताना मी म्हटलं, मागच्या खोलीतच खाटेखाली ठेव. तो नाही म्हणाला. वीज भरताना बॅटरीतून वायू सुटतो, माणूस निजतं तिथे ठेवायची नाही. म्हणून पडवीत वाऱ्यावर ठेवली आणि भिंतीला भोक पाडून वायर आत नेली. पाणीसुद्धा दुकानातल्या कॅनचंच घालायचं, विहिरीचं नाही. आपल्या विहिरीचं पाणी किती गोड आहे ते मी सांगून बघितलं, पण त्याने ऐकलं नाही. खाली ठेवायला मी तुझ्या लग्नातला पाट दिला. बॅटरीला हळदकुंकू लावलं, आणि इनासनेही हळूच बोटाने क्रुसाचा खुरीस काढला. म्हटलं असू दे, दोन्हीकडून बरं.

परवा दिवेलागणीला सगळ्या वाडीची लाईट गेली. टक्क. पंखा जरा घूं करतो, पण फिरतो. मी ट्यूबखाली गोधडीची सुई ओवली, पहिल्या फटक्यात. आजोबा घड्याळ धरून बसले होते, पंखा कधी थांबतो म्हणून. चार तासांनी लाईट आली तरी पंखा तसाच. हरले ते.

तर शिवलं काय, ते सांगते. माझ्या मऊ पडलेल्या लुगड्याचं दुपटं, हातभर. तुझी आई गेल्यापासून मी तुझी आई आहे, आणि पहिलं बाळंतपण आईकडेच व्हायचं. बाजारातल्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलंय, आणि बाळ झालं की पुढचा सव्वा महिना ती मागची खोली तुझी नि बाळाची. सातवा लागला की आजोबा न्यायला येतील. हे पत्र सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव, बॅटरीची फजितीसुद्धा गाळू नकोस. आणि त्यांना म्हणावं, बारशाला तुम्हीही या. लाईट गेलीच, तर पंख्याखालची जागा तुमची.

तुझीच,
उजेडात बसून लिहिणारी
आजी