आईचं जन्मसाल

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज डोकंच फिरलं. सत्तरीच्या पुढच्यांना सरकारी विम्याचं कार्ड मिळतं, म्हणून आईला रिक्षाने केंद्रावर नेलं. कार्ड झालं तर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होईल. कॉम्प्युटरवरची मुलगी म्हणाली, "आधारवर आजी सदुसष्ट वर्षांच्या आहेत. तीन वर्षांनी या."

तीन वर्षं! आईला आज उंबरा ओलांडवत नाही. मी सांगितलं, ती जन्मली त्या साली देवरूखला आजोबांनी विहीर बांधली. चिऱ्यावर साल कोरलंय, त्याला त्र्याहत्तर वर्षं झाली. फोटो आणू?

"काका, विहिरीचा दाखला चालत नाही."

मागची रांग हसली. आई शाळेत गेलेली नाही, मग दुसरा दाखला आणू कुठून? चिऱ्यावरचं साल खोटं आणि आधारवरचं खरं?

"कुठल्या गाढवाने घातलं हे साल?" मी ओरडलो.

आईने माझा हात धरला. "ओरडू नको रे. मीच चुकीचं सांगितलं असेन."

परत येताना रिक्षात आठवलं. आधारच्या शिबिरात रांग मोठी होती, मला घाई होती. आईला न विचारता मीच अंदाजे साल सांगून मोकळा झालो होतो.

आई तेव्हाही शेजारीच बसली होती.