तीन आठवड्यांची तयारी

आणे,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय चेतना,

दादांच्या दहाव्याला तू आळेफाट्याहून आलीस आणि मी मागच्या दाराने गोठ्यात निघून गेले. बराच वेळ बसून तू परत गेलीस. मला तुझं तोंड बघवत नव्हतं. त्याचं कारण तुला वाटत असेल ते नाही.

तुझ्या आणि माझ्या वडिलांची, मोहनलालकाकांची आणि दादांची, बायपास पुण्यात एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात झाली. मोहनलालकाका नवव्या दिवशी घरी आले. दादा एकवीस दिवस श्वासाच्या मशीनवर राहिले आणि तिथेच गेले. छातीत कफ साठला, तो बाहेर टाकायला जोरच नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. तो जोर यावा म्हणूनच ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे रोज सकाळी नऊला तिथे वर्ग असायचा. श्वासाचे व्यायाम, चालणं, तंबाखू सोडवणं. काका त्यासाठी पुण्यात तुझ्या आत्याकडे जाऊन राहिले. आम्ही पहिल्या एसटीने निघायचो, फाट्यावर गाडी बदलायचो आणि पोचेपर्यंत साडेदहा व्हायचे, वर्ग संपलेला असायचा. असे दोन दिवस गेलो. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी कळवळून विचारलं, "बाबा, पुण्यात कुणी नातेवाईक नाही का?" दादा हसले, "आमचं समदं गणगोत पठारावर." बाईंनी एक छापील कागद दिला. त्यात चित्रं होती, पण खालचं इंग्रजी मला नीट लागेना. घरी दादा ओट्यावर बसून मोठमोठे श्वास घ्यायचे आणि विचारायचे, "आसंच का गं?" मी हो म्हणायचे. मला तरी काय ठाऊक!

असल्या सोयी शहरातल्यांसाठीच असतात, हे मी गावभर सांगत सुटले. ते खोटं नाही. पण तू तुमच्या दुकानात मला बाजूला घेऊन म्हणाली होतीस, दादांनाही आत्याकडे पाठव, दोघं मिळून जातील. ते मी दादांना सांगितलंच नाही. आत्यांच्या त्या लखलखीत घरात ते तंबाखू थुंकतील, तुमच्यात कांदा चालत नाही तरी जेवताना मागतील, याची मला लाज वाटली. बापाची लाज, चेतना. आता शेजारणी म्हणतात, "पोरीनं बापाचं लई केलं." ते ऐकलं की घरात बसवत नाही आणि बाहेर पडावं तर तिथेही तेच.

गेल्या महिन्यापासून आईला धाप लागते. हृदयाची झडप बदलायची आहे. दवाखाना तोच, नऊचा वर्गही तोच. परवा मी आईला सगळं सांगून टाकलं. आज लसूण सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "लिव्ह तिला. म्हनावं, आई तीन आठवडे ऱ्हायला येती. तुझ्या लाजंपायी मला नाय मरायचं."

म्हणून हे पत्र. आत्यांना विचारशील? नवा वर्ग सत्तावीस तारखेला, सोमवारी सुरू होतो. नाही म्हणालीस तरी मला बोलायला जागा नाही, पण उत्तर तेवढं लवकर टाक.

अजूनही स्वतःला तुझी मैत्रीण म्हणवणारी,
हर्षाली