भाऊजी उठून गेले तो ठेका

७ जानेवारी, कँडी
विहाराच्या मंडळाबरोबर श्रीलंकेला आलेय. तेवीस जण. पुढारी माझे दीर, भाऊजी. रिटायर मास्तर, बसमधी बी हजेरी घेतात. भोकरहून आणलेल्या भाकरी संपल्या. हितं सगळ्यात नारळ.
सकाळी गाईडनं लाकडाचे मुखवटे दाखवले. डोळे बटाट्याएवढे, जीभ बाहेर. भाऊजींची बायको, माझी जाऊ शांता म्हणे, "अक्का, सकाळी उठल्यावर तुमी." सगळे हसले. मी बी, जरा उशिरा.

त्याच दिवशी, रात्री
बुद्धाचा दात ठेवलाय त्या विहारात गेलो. पूजेला ढोलवाले. अंग उघडं, कमरेला ढोल. ते वाजवल्याबिगर पूजा सुरू न्हाई. गाईडला विचारलं, ह्यांना बाहेर उभं करता का आत? "अंदर, माताजी. बाहर क्यों?"
मी खांबाला टेकून खाली बसले. शांताला वाटलं मला ताप आला.
आमच्या लोकांकडं गावाचं डफडं वाजवायचं काम होतं. देवळाबाहेर उभं राहून. धम्म घेतला, सोडलं. भाऊजींच्या आज्यानं चुलीत घातलं. माझ्या बापानं बी सोडलं, पण ज्वारीच्या रिकाम्या डब्यावर बोटं चालायची. मला शिकवलं. उंबऱ्याबाहेर न्यायचं न्हाई म्हणाला. न्हाई नेलं, आजवर.

८ जानेवारी
नाच बघितला. पोरं हवेत उलटी फिरतात. शेवटी म्हाताऱ्या ढोलवाल्यानं पाहुण्यांना एक जादा ढोल दिला. आमच्यातल्यांनी नुसता बडवला. मला बघवेना. घेतला. बापाचा ठेका धरला. हात थांबेनात. म्हाताऱ्यानं कान देऊन ऐकलं, मग आपल्या ढोलावर जोड दिली.
भाऊजी उठून बाहेर गेले.

९ जानेवारी, बसमधी
भाऊजींनी हजेरीत माझं नाव घेतलं न्हाई. मीच म्हणाले, हाय मी.
मग बोलले. "वहिनी, आज्यानं ते डफडं जाळलं म्हणून मी मास्तर झालो."
"झालात ना. आता कोण सांगून राहिलंय वेशीत वाजवायला?"
त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. चूक न्हाई त्यांची. माझी बी न्हाई.
कँडी सोडायच्या आधी ढोल घेतला. लहान. शांतानं तिच्या साडीत गुंडाळून दिला, नवऱ्याला न सांगता.

१८ जानेवारी, भोकर
ढोल कपाटावर. पौर्णिमेला विहारात वंदना. तिथं वाजवायचाय मला. आत, बुद्धापुढं. भाऊजी न्हाई म्हणाले तर मंडळ न्हाई म्हणणार.
आज चहाला आले. मी सरळ विचारलं. त्यांनी ढोल खाली काढायला लावला. दोरी ढिली होती, ढोल गुडघ्यात धरून त्यांनीच आवळली. मास्तरला कुणी शिकवलं, विचारलं न्हाई मी.
मग म्हणाले, "त्या ठेक्याचा शेवट कसा करायचे तुमचे वडील?"
"शेवट नव्हता. आई वरडली की थांबायचे."
हसले. चहा अर्धा ठेवून गेले. न्हाई मात्र म्हणाले न्हाईत. ढोल खालीच हाय.