स्टेपनीखालचे लिंबू

मुर्री,
६ नोव्हेंबर २००५

चि. सौ. दीप्तीस,
अनेक मंगल आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र काल दुपारी पोहोचले. हेच सारे तू टेलिफोनवर सांगितले होतेस, परंतु फोनवरचे बोलणे पुन्हा वाचता येत नाही, म्हणून मी पत्राचा आग्रह धरला. राग मानू नये. अपघातात मोडलेले अश्विनरावांचे खुब्याचे हाड नीट जुळले हे वाचून आम्ही उभयतांनी विहारात जाऊन वंदना केली. त्यांनी यापुढे स्कूटरवर बसू नये असे डॉक्टरांचे म्हणणे आहे, तेव्हा लहान चारचाकी घ्यावी हा तुमचा विचार मला मान्य आहे. नागपूरच्या गल्लीत सहज वळेल, तुझ्या शाळेच्या फाटकापाशी उभी राहील आणि तुम्हां दोघांच्या पगाराला पेलेल एवढीच गाडी हवी. त्याहून मोठी घेणे हा तृष्णेचा भाग झाला.

मीही आपल्या परीने चौकशी केली. गोंदियाच्या एका दुकानात नव्या गाड्या पाहिल्या. विक्रेत्या तरुणाने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि एका लहान गाडीचे बावीस गुण वाचून दाखवले. दोष एकही वाचला नाही. ज्या वस्तूत दोषच नाही अशी वस्तू या अनित्य जगात मला तरी ठाऊक नाही. मी चहा तसाच ठेवून उठलो.

आता लोकेशविषयी. तो जुन्या गाड्यांचा व्यवहार करू लागल्यापासून त्याची जीभ फार गोड झाली आहे. तुला सुचवलेली सँट्रो गोंदियाच्या एका डॉक्टरांची आहे, ते धम्माचे उपासक आहेत, गाडी दवाखाना आणि विहार यांपलीकडे गेली नाही, असे तो सांगतो. डॉक्टर दिवाळीपूर्वीच मुलाकडे पुण्याला कायमचे गेले. म्हणजे विचारायला कोणी उरले नाही! आपल्या माणसाने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नये, स्वतः पारखावे, असा भगवंतांचा उपदेश आहे. लोकेश माझ्या दिवंगत भावाचा मुलगा असला, आपल्याच घरी वाढला असला, तरी उपदेशात पुतण्यांना सूट दिलेली नाही. गाडी तीन दिवस माझ्या अंगणात ठेव, असे मी त्याला कळवले आहे.

चि. साक्षीस पापा. तुमची माया आम्हां वृद्धांवर अशीच राहो.

तुझा,
बाबा

•

नागपूर,
१० नोव्हेंबर २००५

आद. बाबांना,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळाले. अश्विनना मोठ्याने वाचून दाखवले. तृष्णेपाशी ते इतके हसले की खुबा दुखू लागला.

बाबा, आम्ही तीन गाड्या पाहिल्या. मारुती आठशे आम्हाला परवडते, नवी मिळते, पण तिच्यातून उतरताना अश्विनना फार खाली वाकून मग उठावे लागते. शेजारच्या निर्मलाबाईंच्या गाडीत बसवून पाहिले. उतरेपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा झाला. सँट्रोचे छत उंच आहे, खुर्चीवरून उठावे तसे उठता येते. नवी सँट्रो आमच्या आवाक्याबाहेर. म्हणून लोकेशदादाला जुनी शोधायला सांगितले. त्याने आपणहून गळ्यात मारलेली नाही. दोन महिन्यांत त्याने चार गाड्या स्वतःच नापसंत केल्या. एकीचा तर अपघात झालेला होता, तो त्यानेच ओळखला.

तुम्ही तपासा, पण परीक्षा घेऊ नका. दादाला मॅट्रिकला गणितात एकाहत्तर गुण पडले तेव्हा तुम्ही शाळेत जाऊन उत्तरपत्रिका काढायला लावली होती, आठवते? गुण एकाहत्तरच निघाले. तो तीन दिवस जेवला नव्हता.

एक जानेवारीला अश्विन कामावर रुजू होणार. रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नाहीत. त्याआधी गाडी दारात असली पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे. आईला नमस्कार. तुमच्या मायेची सावली असू द्यावी.

तुमची,
दीप्ती

•

मुर्री,
१८ नोव्हेंबर २००५

चि. सौ. दीप्तीस,
अनेक मंगल आशीर्वाद, वि. वि.

अत्यंत खेदाने लिहीत आहे. ती गाडी घ्यावयाची नाही.

लोकेशने शनिवारी सकाळी गाडी अंगणात आणून उभी केली, किल्ली खुंटीला लावली आणि तो इथल्या जवळच्या गोरेगावच्या बाजारी निघून गेला. छत्तीस वर्षे पाली शिकवताना जी पद्धत अंगी बाणली तीच मी येथे वापरली. आधी कागद, मग वस्तू. पहिला दिवस नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद आणि सर्व्हिसच्या पावत्या वाचण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी बाह्यांग पाहिले: टायर, काचांवरचे बनावटीच्या सालाचे आकडे, ब्रेकच्या पायपट्टीची झीज. खरे सांगतो, सारे जुळत होते. इतके जुळत होते की माझा संशय वाढला.

तिसऱ्या दिवशी अंतरंग. डिक्कीतील स्टेपनी उचलली आणि खाली काय निघाले? लाल फडक्यात बांधलेले एक लिंबू. फडके सोडताच वास दरवळला, असे रसरशीत. स्टेपनीच्या चाकावर हळदीकुंकवाची पाच बोटे. उपासकाच्या गाडीत हे कोठून येईल? म्हणजे गाडी डॉक्टरांची नाही, किंवा डॉक्टर उपासक नाहीत. पोथीत एक ओळ मागाहून घुसडलेली सापडली की सारी पोथी संशयित ठरते. मग गाडी धावल्याचा तो मैलांचा आकडा, तो एकच मालक, सारेच गेले.

सोमवारी सायंकाळी लोकेश आला तेव्हा मी ते फडके त्याच्यापुढे ठेवले. तो आधी हसला. मग म्हणाला की मोठेबाबा, काऊन असे पाहून राहिले माझ्याकडं, मले काई मालूम नाई, डॉक्टरसाहेब तर दर पौर्णिमेले पांढरे कपडे घालून विहारात येत. मी म्हणालो की कपडे पांढरे असल्याने बोलणे पांढरे होत नाही. त्यावर तो म्हणाला की तुमाले गाडी नाई पाहाची होती, मले पाहाचं होतं. आणि किल्ली घेऊन, पाणीही न पिता गेला. तुझी आई दारातच उभी होती. ती आत गेली आणि रात्री जेवली नाही. तिलाही लाज वाटली असावी.

मंगळवारी पौर्णिमा होती. वंदनेनंतर लोकेशच्या व्यवहाराविषयी चौघांना सावध करणे मी कर्तव्य समजलो. आपल्या घरचा म्हणून झाकून ठेवले असते तर माझ्या शीलाला बाध आला असता.

तुम्ही दुसरी गाडी पाहा. अश्विनरावांची निराशा होईल, पण फसवणुकीपेक्षा निराशा बरी. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नये.

तुझा,
बाबा

•

गोंदिया,
२४ नोव्हेंबर २००५

आदरणीय मोठेबाबांस,
सविनय जयभीम.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. पण तुम्ही पत्रच मानता म्हणून लिहून राहिलो.

डॉक्टरसाहेबांचा पुण्याचा पत्ता आणि फोन नंबर खाली देतो. विचारून घ्या. लिंबाचं मला माहीत नाही. मी स्टेपनी महिन्याभरापूर्वी स्वतः काढून हवा भरली होती, तेव्हा तिथं काहीच नव्हतं. मी ती हळद लावली नाही आणि मी ती लपवलीही नाही. लपवायची असती तर तुमच्याच अंगणात गाडी तीन दिवस कायले ठेवली असती?

पौर्णिमेनंतर दोन गिऱ्हाइकं फिरली. बकाराम मेश्राम बयाना द्यायला येणार होता. आला, आणि म्हणाला की तुझे मोठेबाबाच तुले खोटा म्हणतेत त मी काय बोलू. मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार? बाप गेल्यावर तुमचंच नाव लावून मी या गावात उभा राहिलो, ते नाव तुम्हीच काढून घेतलं.

मोठीमायला माझा नमस्कार सांगा. तिच्यावर राग नाही.

तुमचा,
लोकेश

•

मुर्री,
२९ नोव्हेंबर २००५

लाडक्या दीप्तीस,
तुझ्या आईचा आशीर्वाद.

बाई, हे पत्र तुझ्या बाबांना न सांगता लिहून राहिली. शेजारची रश्मी पेटीत टाकून देईल.

ते लिंबू माझं होय. आपल्याच झाडाचं. रविवारी दुपारी हे झोपले होते, किल्ली खुंटीला होती. माझ्या हातानं डिक्की उघडली, पाच बोटं लावली, अन् स्टेपनीखाली ठेवलं म्हणजे यांना दिसणार नाही. मला काय ठाऊक की हे स्टेपनीही उचलतील!

दीक्षा घेतली तेव्हा मी तेरा वर्षांची होती. माझ्या मायनं देव टोपलीत भरून नदीत सोडले ते या डोळ्यांनी पाहिलं. मी मागं फिरली नाही, बाई, आजही रोज त्रिशरण म्हणते. पण माझा बाप नवी बंडी जुंपायच्या आधी असंच करायचा, अन् अश्विनरावांना त्या स्ट्रेचरवर पाहिल्यापासून माझे हात माझं ऐकत नाहीत. बुद्धी म्हणते नको, हात म्हणतात कर.

लोकेश उभा राहून बोलणी खात होता अन् मी दारात गप्प राहिली. तो माझ्या हातचं जेवून मोठा झाला. आता काय करू सांग. यांना सांगायची हिंमत होत नाही.

तुझी,
आई

•

नागपूर,
५ डिसेंबर २००५

आद. बाबांना,
सविनय जयभीम, वि. वि.

अश्विन आता काठीवाचून दहा पावले चालतात. रुजू व्हायला सव्वीस दिवस उरले आहेत; आम्ही दुसरी गाडी पाहिलेली नाही.

मला एकच शंका आहे, तिचे उत्तर तुम्हीच द्यावे. डॉक्टर दिवाळीपूर्वीच गेले, असे तुम्हीच लिहिलेत. स्टेपनीत हवा भरताना तिथे काही नव्हते, असे दादा मला फोनवर म्हणाला. आणि फडके सोडताच वास दरवळला, लिंबू रसरशीत होते, हेही तुम्हीच लिहिलेत. उन्हात तापणाऱ्या डिक्कीत लिंबू किती दिवस रसरशीत राहते, बाबा? तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले सारे लिहून ठेवता; फक्त ते कधीचे असेल हे यावेळी पाहिले नाहीत.

यापुढे मी काही लिहीत नाही. जे कळेल ते रागावाचून ऐकून घ्या, एवढी विनंती. तुमच्या मनात आम्हां सर्वांना जागा असू द्यावी.

तुमची,
दीप्ती

•

मुर्री,
१७ डिसेंबर २००५

चि. लोकेशास,
अनेक मंगल आशीर्वाद. हे आशीर्वाद देण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, हे तू ठरवावेस.

त्या गाडीतील ती वस्तू माझ्याच घरातून गेलेली होती. तुला ती ठाऊक नव्हती. डॉक्टरांविषयी, गाडीविषयी, मैलांविषयी तू सांगितलेले प्रत्येक वाक्य सत्य होते. डॉक्टरांना मी फोन केला नाही. तो केला असता तर पुन्हा तुझीच परीक्षा झाली असती.

घरात कोणी आणि का ठेवली हे मी विचारले, तेव्हा मला उत्तर मिळाले. आधी का सांगितले नाही असेही विचारले. त्यावर उत्तर मिळाले की सांगितलं असतं त तुम्ही माझंही नाव विहारात घेतलं असतं. लोकेश, त्या दिवसापासून मला झोप नीट लागत नाही. आयुष्यभर मी खोटे बोलणाऱ्यांना शोधत फिरलो. माझ्या घरात चाळीस वर्षे एक माणूस मला खरे सांगायला भीत होते, हे मी कोठेही नोंदवले नाही. ती भीती स्वभावाचा दोष मानून हसण्यावारी नेली. ती माझ्यामुळे होती.

परवा पौर्णिमेला वंदनेनंतर मी उभा राहिलो. भन्तेजींची अनुज्ञा घेतली आणि सांगितले की गेल्या पौर्णिमेस मी माझ्या पुतण्याविषयी जे बोललो ते असत्य होते. तो निर्दोष आहे, दोष माझ्या घरचा आणि माझ्या जिभेचा आहे. बकाराम समोरच बसले होते. त्यांच्याकडे पाहून पुन्हा सांगितले. मृषावादापासून दूर राहण्याचे शील मी रोज म्हणतो. जाणून खोटे बोललो नाही अशी पळवाट मला सुचली होती, पण न जाणता बोललेल्यानेही तुझी दोन गिऱ्हाइके गेलीच.

गाडी एव्हाना विकली गेली असेल. दीप्तीसाठी तुला योग्य वाटेल ती दुसरी पाहा. मी तपासणार नाही. तुझा शब्द पुरे.

क्षमा मागतो. लगेच दे असे म्हणत नाही.

तुझा,
मोठेबाबा

•

गोंदिया,
२१ डिसेंबर २००५

आदरणीय मोठेबाबांस,
सविनय जयभीम.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, मग बायकोला वाचायला दिलं.

तुम्ही घरातलं कोणाचं नाव लिहिलं नाही, पण मुर्रीच्या विहारात येणाऱ्या सुशीलाबाई मला भेटल्या. त्यांनी सांगितलं की तुम्ही खाली बसल्यावर मोठीमाय बायकांतून उठली आणि म्हणाली की ते मी ठेवलं होतं, यांना बोलू नका. हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही. ते मला चांगलं वाटलं.

बकाराम काल बयाना घेऊन आला, सँट्रोच मागत होता. त्याला सांगितलं की दुसरी कोणतीही सांग, ही दीप्तीची होय. तिच्यासाठीच ठेवली होती. विकली नव्हती.

मोठीमायला म्हणा, भीती वाटत असेल त लिंबू ठेवण्यापरीस माझ्या बाजूच्या सीटवर बसून नागपूरपर्यंत चल. हळू चालवीन.

रविवारी गाडी घेऊन मुर्रीला येतो. तुम्ही लिहिलं की आता तपासणार नाही. ते मला चालत नाही, मोठेबाबा. मग लोक म्हणतील की पुतण्या म्हणून सोडलं. बॉनेट उघडा, डिक्की उघडा, स्टेपनी मी स्वतः काढून देतो. जे वाटेल ते विचारा. फक्त यावेळी, सगळ्यांच्या आधी मला विचारा.

तुमचा,
लोकेश