ताईची जुनी किल्ली

३ तारीख, सोमवार
लागले एकदाची कामाला! ताईने तिच्या कंपनीत शब्द टाकला म्हणून. शाळा सोडल्यापासून आई टोमणे मारायची, घरात बसून अंडी उबवतेस का म्हणून. आता बोल म्हणावं. खोली थंडगार, कपाटाएवढी यंत्रं घुंघुं करतात. इथल्या किल्ल्या लोखंडाच्या नाहीत, लांबलचक आकड्यांच्या. प्रत्येक यंत्राला एक, प्रत्येक माणसाला एक. दार, पगार, दवाखाना, सगळे त्यावरूनच ओळखतात. ताई म्हणाली, क्वांटम संगणक आले की जुन्या किल्ल्या काडीसारख्या मोडतील, म्हणून यंत्रांच्या सगळ्या जाळ्यात नव्या घालायच्यात.

४ तारीख, मंगळवार
प्रत्येक किल्लीची हमी वरची किल्ली घेते. माझी ताईच्या किल्लीने घेतलीय. वरची पुसली की खालच्या आपोआप गळतात. म्हणून आधी नवी घालायची, खालच्यांची हमी तिच्याकडे द्यायची, मगच जुनी पुसायची. ताईने घोकून घेतलं, वर टपली मारली. विसरलीस तर दोघी घरी बसू, म्हणाली. मी मान हलवली. बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते, तिला माहितीये.

६ तारीख, गुरुवार
ताई जेवायला खाली गेलेली. साहेब म्हणाले, उरक, आज एवढ्या जुन्या संपव. पडद्यावर ताईची किल्ली आली. खाली प्रश्न, पुसू का? नवी घातली होती की नाही, दिसेना. विचारणार होते. साहेब फोनवर होते. मी आपलं ‘हो’ दाबलं.
थोड्या वेळाने ताई काचेपलीकडे. दार उघडेना. रोज तिची थट्टा करणारा वॉचमन पडद्याकडे बघून म्हणाला, अशी कोणी इथे कामाला नाही. ताई हसून म्हणाली, मस्करी पुरे काका. तो हसला नाही.

७ तारीख, शुक्रवार
ताई घरी आली नाही. आई म्हणाली, कोण ताई? मला एकच पोर, तेही घुमं. खोलीत एकच खाट आहे. काल दोन होत्या.
आज तोंड उघडलं. साहेबांना सांगितलं सगळं. ते म्हणाले, कुठली ताई? काम मात्र छान केलंस, जाळं स्वच्छ झालं. खालच्या गळतील आपोआप.
खालच्या — म्हणजे मी.

८ तारीख
दार उघडलं नाही. मी काच बडवली. वॉचमनने माझ्याकडे बघत — नाही, काचेत बघत — केस विंचरले.
घरी आले. कडी आतून. आई शेजारणीला सांगत होती, आम्हाला मूलबाळ नाही हो. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. तिने नुसती खिडकी लावली, वारा आला म्हणून —

संध्याकाळ
ताई सापडली. कंपनीच्या पायरीवर. तिच्या हातातून आरपार पायरी दिसते. माझ्याही —
चिडली नाही. एवढंच विचारलं, नवी आधी घातली होतीस ना गं?
दातखीळ. आताही. म्हणून वही तिच्या मांडीवर ठेवून लिहितेय. ताई, वाच. मी विचारलं नाही, मी तुझी