खेळाच्या रागाने पायाच काढला

चिरंजीव पोपटीणबाईस,

आजीचा आशीर्वाद पोचला असं समज. तुझं पोट बरं असेल अशी आशा करते. (चहावर जगतेस, कुठून बरं असणार?) माझे गुडघे जागेवर आहेत. दुकानातला कॉम्प्युटर मात्र गेला. मीच घालवला. लगेच कपाळाला हात लावू नकोस, आधी पुढचं वाच.

दुपारी तुझे मामा-मामी जेवून आडवे होतात तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात मी बसते, हे तुला ठाऊकच आहे. तिथल्या जुनाट कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स तूच घातलंस, मला चार कमांडाही तूच शिकवल्यास. तर सकाळभर तुझा मामा त्यावर पत्त्यांचा खेळ खेळतो. गिऱ्हाईक ताटकळतंय आणि हा राजाखाली राणी लावतोय! म्हटलं, खेळच काढून टाकते. काढला. मशीनने हूं की चूं केलं नाही. तिथे थांबले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मी तण मुळासकट उपटणारी बाई. उद्या हा बाबा खेळ परत घालेल, म्हणून तो ज्या पॅकेजांवर, म्हणजे खालच्या आधाराच्या प्रोग्रामांवर, उभा होता तीही काढायची ठरवली. (कोण कुणाच्या आधारावर आहे ते दाखवणारी कमांड तुझीच, तेव्हा अर्धा दोष तुझा.) सगळ्यात खाली एक होतं, त्यालाच हात घातला. मला काय माहीत, त्या एकावर अख्खा कॉम्प्युटर उभा आहे! जावयावर चिडून व्याह्यांच्या घराचा पाया खणावा आणि मग कळावं की आपणही त्याच घरात भाड्याने राहतोय, तसं झालं.

मशीनने बजावलं नाही असं नाही. काय काय जाणार ते भराभर दाखवलं आणि खाली इंग्रजीत काहीतरी आलं. शेजारचा घड्याळवाला बाटलीत पाणी भरून घ्यायला आला होता, त्याला वाचायला लावलं.

"आजी, यात धोका आहे म्हणतंय. तरी करायचं असेल तर असं लिहा म्हणतंय, की हो, मी सांगते तसं कर."

"खरंच असं म्हणतंय?"

"हो, पण लिहू नका!"

अगं, लग्न होऊन आल्यापासून या घरात हे वाक्य मला कोणी पुरं बोलू दिलं नाही, आणि इथे एक यंत्र बोला बोला म्हणून मागे लागलंय. एकेक अक्षर शोधून लिहिलं, शेवटच्या उद्गारचिन्हासकट. घड्याळवाला बाटली तिथेच टाकून पळाला. मशीनने शब्द पाळला. पडदा काळा झाला तो झालाच.

मामा उठून आला, बघितलं आणि म्हणाला, "आई, उद्यापासून या खुर्चीत बसायचं नाही. तुझं इथे कामच काय?" मी विचारलं, खेळ कुणाचा होता? तर मामी हसली. (ती माझ्या बाजूची नाही, पण हसायची संधी सोडत नाही.)

खुर्ची मी सोडणार नाही. तिथून रस्ता दिसतो, चार माणसं बोलतात. आतल्या खोलीतून भिंत दिसते आणि मामीचा मिक्सर ऐकू येतो. मशीन दुरुस्त होईल गं, पण मी एकदा आत गेले की मला परत बाहेर बसवायला कोणी येणार नाही. तेव्हा तू ये, मशीन नव्याने उभं कर, आणि ज्यांच्यावाचून ते चालत नाही त्या पॅकेजांना असं कुलूप घाल की मी कितीही सांगितलं तरी ती निघू नयेत. मला विचारूच नको म्हणावं त्या मशीनला. विचारलं की मी हो म्हणणार, या वयात स्वभाव बदलत नाही.

तुझी आजी

ता. क. मामाने रिपेअरवाला ठरवलाय. तो गुरुवारी येऊन पासवर्ड घालणार, आणि पासवर्ड फक्त मामाकडे. म्हणून तू बुधवारी ये.

आणखी एक. त्या रिपेअरवाल्याला मी काल मामीच्या आवाजात फोन करून येऊ नका म्हणून सांगितलंय. आता तू आली नाहीस तर कोणीच येणार नाही, आणि दुकान बंद पडलं तर मी तुझं नाव सांगेन.