अर्धं बी

बडोदे, मंगळवार

प्रिय संयोगिता,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या भाचीच्या, मितालीच्या हाती ही चिठ्ठी तुझ्या सावली गावाला पाठवते आहे. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

आमचे हे शनिवारपासून दवाखान्यात आहेत. सकाळी अनशापोटी मळ्यातल्या दुधीचा रस घेतला. पहिल्याच घोटाला म्हणाले, कडू आहे, आणि तरी अख्खा ग्लास संपवला. शेणखतावरचं, बिनफवारणीचं, आपल्या माणसांनी पिकवलेलं. कडू असेल तर गुणकारीच असणार म्हणे. रिफायनरीत जन्मभर प्रत्येक नळीवर संशय घेतलेला माणूस, पण आपल्या दुधीवर आंधळा विश्वास. थोड्याच वेळात उलट्या, मग उलटीत रक्त. रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर होतं आणि मला देवाचं नावसुद्धा आठवेना. डॉक्टर म्हणाले, कडू दुधी म्हणजे विषच, बेन. आता रक्त थांबलंय, पण त्यांचा डोळा लागला की मी नाकाशी बोट धरून बघते. भीती काही जात नाही गं.

काल मळ्यात गेले. एकेका दुधीची चकती जिभेला लावली आणि थुंकली. निम्मे कडूजहर. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या वर्षी बियाण्यासाठी ठेवलेला दुधी कुंपणाशी होता, आठवतं? तिथेच कडू भोपळ्याचा रानवेल चढला होता. फुलं छान म्हणून आपण दोघींनी तो राहू दिला. त्याचाच संकर उतरलाय यंदाच्या वेलांत. बाजारचं बी नको, आपलंच धरायचं, हा आपला केवढा तोरा! दर रविवारी मळ्यावरून भाजीची टोपली घेणाऱ्या सगळ्यांना कळवलं, पाणीगेटपर्यंत दारोदार फिरून दुधी परत आणले. लोक चांगलं बोलले, पण रविवारी कोण येईल कोण जाणे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माल खंडेराव मार्केटात द्यायचा की घरोघरी, यावरून आपलं वाजलं आणि तू सावलीला वेगळा मळा केलास. बोलणं तुटलं तरी बी वाटून घ्यायची रीत मोडली नाही. त्याच दुधीचं अर्धं बी मी माझ्या हाताने तुझ्या रुमालात बांधून दिलं. तुझे वेल आता लागले असतील. आणि तू सासूबाईंना रोज सकाळी रस देतेस, मला माहीत आहे. त्यांच्या वयाला अर्धा पेलाही सोसणार नाही. कडू लागला तर औषध म्हणून गिळू देऊ नकोस, बाई. वेल उपटून टाक. उरलेलं बी जाळ.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. वाचल्याबरोबर फक्त एक मिस्ड कॉल दे. मी दवाखान्याच्या बाकावर फोन हातात धरून बसले आहे.

भांडणासकट तुझीच,
सुनंदा